गोळी दुधात उतरते, पण किती?

कापूस वेचणीच्या दिवसात आमच्याकडे अडीच-तीन महिन्यांच्या बाळंतिणी पण वावरात जातात, मग ताप, अंगदुखी, कोणाच्या छातीत गाठ. डॉक्टर गोळ्या लिहून देतो, पण लेकरू अंगावर पितं हे ती सांगत नाही अन तो विचारत नाही. घरी आली की सासूबाई म्हणतात, "गोळी खाल्ली ना, आता पाजू नको त्याले, औषध दुधात उतरते." झालं, एकतर ताप अंगावर काढायचा नाहीतर लेकराच्या तोंडी शिशी, अन बहुतेक वेळा दोन्हीची गरजच नसते.

सासूबाई खोटं नाही बोलत हां. जवळजवळ प्रत्येक औषध थोडंफार दुधात येतंच, भानगड आहे ती किती येतं याची. गोळी आधी आईच्या रक्तात जाते, तिथून दुधात. जे औषध रक्तातल्या प्रोटीनला घट्ट चिकटून बसतं ते दुधात फार येत नाही, अंगदुखीवरचं आयबुप्रोफेन त्यातलंच. इन्सुलिन अन हेपारिन (रक्त गोठू न देणारं इंजेक्शन) यांचे रेणू तर मोठे असतात, अन काही थेंब आलेच तरी लेकराच्या पोटात पचून जातात.

डॉक्टर लोक हिशोब असा लावतात की लेकरू वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण 150 मिली दूध पितं, म्हणजे 4 किलोचं असेल तर 600 मिली. तेवढ्या दुधातून लेकराच्या किलोमागे जाणारं औषध आईच्या किलोमागच्या डोसच्या 10 टक्क्यांच्या आत असलं तर सहसा चालतं. तापाची पॅरासिटामॉल, अँटिबायोटिक अमॉक्सिसिलिन यात आरामात बसतात, अन पॅरासिटामॉल तर तापात तान्ह्या लेकराला थेटही देतात, दुधातून जातं ते त्याहून कितीतरी कमी. छातीत गाठ होऊन ताप आला असेल तर पाजणं अजिबात बंद करू नका, दूध तुंबून त्रास वाढतो.

टीबीच्या गोळ्यांचं सगळ्यात जास्त टेन्शन घेतात. त्यातल्या रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, घाम अन डोळ्यातलं पाणीसुद्धा, ते बघून बाईला वाटते दुधात पण विष चाललं. तसं नाही, टीबीच्या नेहमीच्या गोळ्या खात पाजता येतं. उलट दुधातून जाणारं औषध इतकं कमी असतं की लेकराचं टीबीपासून रक्षण त्याने होत नाही, त्याची तपासणी अन औषध वेगळं लागतं, हे आशाताईला आवर्जून विचारा.

पाळणा लांबवायच्या गोळीचं प्रकरण उलटं आहे. माला-एन मध्ये इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन असतं, त्याने दूध कमी होऊ शकतं, म्हणून पहिले सहा महिने पाजणाऱ्या बाईने ती टाळायची. उपकेंद्रात मिळणारी छाया गोळी हार्मोनची नाही, ती चालते. (हे नवऱ्याने पण वाचलं तर बरं.)

खरंच नको अशी औषधं पण आहेत. कॅन्सरवरची बरीचशी, थायरॉईडसाठीचं रेडिओॲक्टिव्ह आयोडीन, अन खोकल्याचं कोडीनवालं सिरप. काही बायांच्या शरीरात कोडीनचं मॉर्फिन (अफूतलं गुंगी आणणारं औषध) फार झपाट्याने बनतं, ते दुधातून गेलं की लेकरू सुस्त पडतं, श्वास मंदावतो, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नजर ठेवणारं तिथलं सरकारी खातं) 2017 साली यावरून कडक इशारा दिला होता. लेकरू दोन महिन्यांच्या आतलं किंवा दिवस भरायच्या आधी झालेलं असेल तर जास्त जपायचं, कारण त्याचं लिव्हर अन किडनी औषध लवकर बाहेर टाकू शकत नाही. म्हणून मेडिकलवर खोकल्याची बाटली मागताना आधी सांगा, लेकरू अंगावर पितं, एवढ्या महिन्याचं आहे.