शीळकरी कस्तूर पावसाळी पाहुणा नाही

‘पाऊस लागला की शीळकरी कस्तूर घाटात येतो आणि पाऊस सरला की निघून जातो’ हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चूक आहे. हा पक्षी, इंग्रजीत मलबार व्हिसलिंग थ्रश, सह्याद्रीचा कायमचा रहिवासी. आंबोली, भीमाशंकर, महाबळेश्वरला तो हिवाळ्यातही असतो, फक्त गात नाही.

माणसाने रमतगमत घातल्यासारखी ती लांब शीळ विणीच्या हंगामातली. वीण साधारण फेब्रुवारी-मार्चपासून सप्टेंबरपर्यंत चालते, त्यात पावसाळा भराचा. एरवी ऐकू येते ती नुसती तीक्ष्ण ‘क्रीई’. गाणं थांबलं, म्हणून पक्षी गेला असं वाटतं.

हिवाळ्यात शोधायचा तर गर्द सावलीतला ओढा गाठा. अंधारात तो काळाच दिसतो; कवडसा पडला की कपाळ आणि खांदे झगझगीत निळे होतात. खेकडा, गोगलगाय खडकावर आपटून खाताना हमखास सापडतो.

घरटं ओढ्याकाठच्या कपारीत, कधी धबधब्यामागे: शेवाळ, मुळ्या, गवत चिखलाने लिंपलेला जाड वाडगा. अंडी 2 ते 4, उबवण 16-17 दिवस. फोटोसाठी मोबाइलवर शीळ वाजवू नका. नर हद्द राखायला धावतो आणि त्याचा चाऱ्याचा वेळ जातो.

मध्य प्रदेशातल्या पचमढीचा पक्षीही हाच. हिमालयातला पिवळ्या चोचीचा, अंगभर ठिपक्यांचा ब्लू व्हिसलिंग थ्रश मात्र वेगळ्या जातीचा. नावं सारखी म्हणून घोळ होतो.