केमोपासून आतड्याचे रक्षण: हळद, द्राक्ष आणि खारघरची वेगळी वाट

केमोत तोंड का येते, जुलाब का लागतात, याचे जुने उत्तर सोपे होते. औषध भराभर वाढणाऱ्या पेशी मारते आणि आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होत असल्याने तेही सापडते. २००४ मध्ये अमेरिकेतील मुखरोगतज्ज्ञ स्टीफन सोनिस यांनी पाच टप्प्यांची मांडणी केली. तिच्यानुसार औषध शरीरात जाताच फ्री रॅडिकल (पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू) तयार होतात, मग सूज आणणारी रसायने वाढतात आणि व्रण दिसतो तो त्यानंतर. साहजिकच फ्री रॅडिकल टिपणाऱ्या वनस्पतिज द्रव्यांचे महत्त्व वाढले.

हळदीतले कर्क्युमिन रक्तात फारसे उतरत नाही. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातले २० मिलिग्रॅम पिपरिन दिले, तेव्हा शोषण सुमारे वीस पटींनी वाढले. पण पिपरिन हे साधते ते द्रव्ये निकामी करून बाहेर टाकणारी एन्झाइम रोखून. इरिनोटेकन या केमोच्या औषधापासून शरीरात बनणारे जहाल एसएन-३८ अशाच एन्झाइमांमुळे निकामी होते. म्हणून हे औषध चालू असताना हळद-मिऱ्याची कॅप्सूल परस्पर घेणे धोक्याचे. शिवाय आतड्याच्या अस्तरापर्यंत न शोषलेले कर्क्युमिन तसेही पोहोचतेच!

टाटा मेमोरियलच्या खारघर इथल्या कर्करोग संशोधन केंद्रात म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये डॉ. इंद्रनील मित्रा यांनी उलटा विचार केला. मरणाऱ्या पेशींतून सुटलेले क्रोमॅटिनचे (डीएनए आणि प्रथिनांच्या गुंत्याचे) कण शेजारच्या निरोगी पेशींत शिरून नुकसान करतात, असे त्यांचे म्हणणे. द्राक्षाच्या सालीतल्या रेसव्हेरेट्रॉलला किंचित तांबे जोडले की ते फ्री रॅडिकल टिपण्याऐवजी तयार करते आणि हे कण तुटतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या २५ रुग्णांना मेल्फालन या केमोच्या औषधाचा मोठा डोस दिला होता. हे मिश्रण न मिळालेल्या पाचही जणांना तीव्र स्वरूपात तोंड आले. मिळालेल्या २० पैकी आठ जणांना. गट लहान आहेत, तरी फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. पुढे जठराच्या कर्करोगाच्या रुग्णांत जुलाब व उलट्या कमी झाल्या, रक्तपेशींवरचे दुष्परिणाम मात्र तसेच राहिले. त्या चाचणीत तुलनेचा गट नव्हता.

पहिल्या चाचणीत बहुतेकांना मिळालेली मात्रा होती ५.६ मिलिग्रॅम रेसव्हेरेट्रॉल आणि ५६० नॅनोग्रॅम तांबे. दुकानातली कॅप्सूल सहसा २५० किंवा ५०० मिलिग्रॅमची असते, तीही तांब्याविना. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यात तांबे किती उतरले, हे घरी मोजता येत नाही.