अमली पदार्थांचं सेवन : शिक्षा, गुन्हेमुक्ती की उपचार

मौज म्हणून, मित्रांच्या संगतीत किंवा टेन्शन विसरायला जो माणूस ड्रग्ज घेतो त्याचं सरकारने करायचं काय, यावर जगात ढोबळमानाने तीन मतं आहेत. एक म्हणजे पकडा आणि शिक्षा करा. दुसरं, स्वतःपुरता थोडासा माल जवळ सापडला तर त्याला गुन्हेगार ठरवू नका, विकणाऱ्याला मात्र सोडू नका. याला गुन्हेमुक्ती म्हणतात आणि इथेच लोकांचा हमखास घोळ होतो, कारण गुन्हेमुक्ती म्हणजे राजरोस विक्री नव्हे, ती कायदेशीर विक्री वेगळी, उरुग्वेने २०१३ साली आणि कॅनडाने २०१८ साली ती केली पण फक्त गांजापुरती. तिसरं मत असं की ही तब्येतीची बाब आहे, माणसाला डॉक्टरकडे पाठवा. प्रत्यक्षात बहुतेक देशांत तिन्हीची सरमिसळ असते. भारताच्या १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या कायद्यात सेवनाला शिक्षा आहे आणि त्याच कायद्याच्या कलम ६४अ नुसार स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूटही मिळू शकते.

आंतरराष्ट्रीय करारांनी हात बांधलेत असं शिक्षेच्या बाजूचे लोक नेहमी सांगतात, ते अर्धंच खरं आहे. संयुक्त राष्ट्रांचे १९६१ आणि १९७१चे ड्रग्जविषयक करार मुख्यतः उत्पादन आणि व्यापारावर आहेत. १९८८च्या करारात स्वतःसाठी माल बाळगणं गुन्हा ठरवा असं म्हटलंय खरं, पण त्या देशाच्या राज्यघटनेत बसेल तेवढंच, आणि त्याच कलमात पुढे शिक्षेऐवजी उपचार देण्याची मुभाही दिलेली आहे. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी जून १९७१ मधे ड्रग्जला जनतेचा एक नंबरचा शत्रू म्हटलं हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्यांच्याच सुरुवातीच्या काळात केंद्राचा ड्रग्जवरचा जास्त पैसा पोलिसांपेक्षा उपचारांवर जात होता, हे फारसं कोणी सांगत नाही.

शिक्षेच्या बाजूचा मुद्दा सरळ आहे, धाक. पोलीस पकडतील या भीतीने काही जण पहिला झुरका टाळतात, यात तथ्य आहे आणि पोराच्या काळजीने झोप उडालेल्या आईबापांना कायदा कडक असावासा वाटतो यात त्यांचं काहीच चुकत नाही. पण ज्याला व्यसन लागलंय त्याच्यावर धाक चालत नाही. हेरॉइनचा डोस चुकला की काही तासांत नाक-डोळे वाहायला लागतात, अंग मोडून येतं, जुलाब, उलट्या, झोप नाही, याला नशेच्या जगात टर्की म्हणतात आणि टर्की लागलेल्या माणसाला उद्याच्या कोर्टाची भीती दाखवून उपयोग नसतो, त्याला फक्त पुढची पुडी दिसत असते.

जेलचा एक धोका तर अक्षरशः जीवघेणा आहे. रोज हेरॉइन घेणाऱ्याच्या शरीराला सवय होते, तेवढ्याच नशेसाठी डोस वाढवावा लागतो. आत माल मिळाला नाही की ही सहनशक्ती काही आठवड्यांत उतरते, तलफ मात्र जात नाही. सुटून आलेला माणूस जुन्या अंदाजाने जुनाच डोस घेतो, मेंदूतलं श्वासाचं केंद्र मंदावतं आणि श्वास थांबतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, त्यात सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका बाकी लोकसंख्येच्या १२९ पट निघाला. फिलिपिन्सने २०१६ पासून धाकाचं टोक गाठलं, सरकारी आकड्यांनुसारच पोलीस कारवाईत ६,००० च्या वर माणसं मारली गेली, आणि मार्च २०२५ मधे माजी अध्यक्ष दुतेर्ते यांना आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या वॉरंटवर अटक झाली.

मग सगळ्यांना उपचाराला पाठवा म्हणावं तर तेही बरोबर नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात साधारण २९.६ कोटी लोकांनी कधी ना कधी वर्षभरात ड्रग्ज घेतले आणि त्यातल्या ३.९५ कोटींना व्यसनाचा आजार होता. म्हणजे घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण आजारी नाहीत, त्यांना जबरदस्तीने रिहॅबमधे कोंडणं म्हणजे नाव बदललेला जेलच. म्हणूनच मार्च २०१२ मधे संयुक्त राष्ट्रांच्या १२ संस्थांनी एकत्र येऊन सक्तीची केंद्रं बंद करा असं सांगितलं. त्या वर्षी, २०२१ मधे, आजारी असलेल्यांपैकी पाचातल्या एकालाच उपचार मिळत होते, माझ्या मते या सगळ्या वादातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट हीच आहे.

उपचार कुठवर पोचलेत तेही बघायला हवं. हेरॉइन आणि अफूच्या बाकी प्रकारांवर मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं आहेत. मेथाडोनचा घोट रोज नर्ससमोर प्यायचा, साधारण २४ तास टर्की लागत नाही, माणूस कामावर जाऊ शकतो. न्यूयॉर्कमधे व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर यांनी १९६० च्या दशकात हे दाखवून दिलं. "एक नशा सोडवून दुसरी लावली" असा आरोप यावर अजून होतो, पण या औषधांवर असताना मृत्यूचं प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं, त्यापुढे हा आरोप टिकत नाही. कोकेन आणि मेथ (मेथॅम्फेटामाइन हे उत्तेजक ड्रग) यांच्यासाठी मात्र असं मान्यताप्राप्त औषध आजही नाही, तिथे समुपदेशनावरच भिस्त.

स्वित्झर्लंडची गोष्ट यात वेगळी आहे. झुरिकमधे राष्ट्रीय संग्रहालयामागच्या प्लाट्झश्पिट्झ बागेत १९८० च्या दशकाच्या शेवटी उघड्यावर सुया टोचणं चालायचं. फेब्रुवारी १९९२ मधे बाग बंद केली तर गर्दी उठून जवळच्या बंद पडलेल्या लेटेन रेल्वे स्टेशनात गेली, तो अड्डाही १९९५ मधे बंद करावा लागला. दरम्यान १९९४ पासून ज्यांच्यावर बाकी सगळे उपाय थकले होते त्यांना दवाखान्यातच, देखरेखीखाली, शुद्ध हेरॉइन द्यायला सुरुवात झाली. ऐकायला भयंकर वाटतं. पण त्या रुग्णांच्या चोऱ्यामाऱ्या कमी झाल्या, तब्येती सुधारल्या आणि २००८ साली सार्वमतात ६८ टक्के लोकांनी हे कायम ठेवलं.

पोर्तुगालने जुलै २००१ पासून सगळ्याच ड्रग्जचं सेवन गुन्ह्याच्या यादीतून काढलं. १० दिवस पुरेल इतपत माल, उदाहरणार्थ गांजा २५ ग्रॅम किंवा हेरॉइन १ ग्रॅम, सापडला तर पोलीस माल जप्त करतात आणि माणसाला कोर्टाऐवजी तिघांच्या समितीपुढे पाठवतात, त्यात एक कायद्याचा माणूस आणि बाकीचे डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक असतात. टेबलाभोवती बसून विचारपूस होते, व्यसन नसेल तर बहुतेकदा प्रकरण तिथेच थांबतं, व्यसन असेल तर उपचाराचा रस्ता दाखवला जातो. सुयांमुळे होणारी एचआयव्हीची नवी प्रकरणं वर्षाला हजाराच्या वर होती ती दहा-बारा वर्षांत शंभरच्या खाली आली. याचं श्रेय नुसत्या कायद्याला देणं चूक आहे, सोबत मेथाडोन, सुया बदलून देणं, उपचार केंद्रं हे सगळं वाढवलं होतं.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात नेमकं हेच करायचं राहिलं. नोव्हेंबर २०२० मधे लोकांनी गुन्हेमुक्तीच्या बाजूने मत दिलं, फेब्रुवारी २०२१ पासून अटक बंद झाली आणि त्याऐवजी १०० डॉलर दंडाची पावती, हेल्पलाइनला फोन केला तर तोही माफ. फोन फारच थोड्यांनी केले, उपचारांचा पैसा पोचायला उशीर झाला, त्यात फेंटानिल हे हेरॉइनपेक्षा कितीतरी जहाल अफूवर्गीय ड्रग आलं, रस्त्यावरचं सेवन वाढल्याच्या तक्रारी वाढल्या. मृत्यू कायद्यामुळे वाढले की फेंटानिलमुळे यावर संशोधक अजून भांडतायत. लोकांचा धीर मात्र संपला आणि सप्टेंबर २०२४ पासून माल बाळगणं पुन्हा गुन्हा झालं. अटक बंद करायला एक तारीख पुरते, उपचाराची यंत्रणा उभी करायला वर्षं लागतात, त्यामुळे माझं मत असं की आधी खाटा, औषधं आणि माणसं तयार ठेवावीत आणि मगच, किंवा निदान सोबतच, कायदा बदलावा.

आणि विकत घेतलेल्या पुडीत काय आहे हे गुन्हेमुक्तीनंतरही कळत नाही, कारण माल काळ्या बाजारातूनच येतो. म्हणून नॅलोक्सोन नावाचं औषध महत्त्वाचं, नाकात फवारलं की अफूवर्गीय ओव्हरडोसचा परिणाम काही मिनिटांत उतरवतं. ते द्यायला सोबत कोणीतरी हवं आणि त्याने अँब्युलन्स बोलवायला हवी. पण फोन केला तर पोलीस आपल्यालाच धरतील म्हणून दोस्त बेशुद्ध माणसाला टाकून पळून जातात, म्हणूनच अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी ओव्हरडोसमधे मदत मागणाऱ्याला अटकेपासून किंवा खटल्यापासून संरक्षण देणारे कायदे केलेत.