कव्वालाचा जबडा

पाकिस्तानी कव्वाल नुसरत फतेह अली खाँची तान ऐकली की दाद ठरलेली: ‘काय फुफ्फुसं आहेत!’ दम लागतोच, पण नुसत्या दमावर गाणाऱ्याचा घसा तासाभरात बसेल. माझ्या मते निम्मं श्रेय जबड्याचं.

पंजाबी कव्वाली दर्ग्यांच्या अंगणात वाढली, मायक्रोफोन येण्याच्या कितीतरी आधी. ढोलक आणि साथीदारांच्या टाळ्या यांच्या वर एका गळ्याला उठायचं असे, तेही छातीच्या आवाजात, चढ्या सुरात.

समजा, सूर सेकंदाला 350 कंपनांचा, म्हणजे 350 हर्ट्‌झचा आहे. स्वरतंतूंमधून त्यासोबत 700, 1050, 1400 असे पटीतले उपस्वरही निघतात. घशापासून ओठांपर्यंतची पोकळी त्यांतले काही उचलून धरते, बाकीचे दाबते. ज्या कंपनसंख्येला ती आपसूक साथ देते, तो तिचा अनुनाद. पुरुषाच्या ‘आ’ला या पोकळीचा पहिला अनुनाद 700च्या आसपास असतो. म्हणजे 700चा उपस्वर आयताच फुलतो, जादा जोर न लावता!

आता सूर 400वर गेला. उपस्वर 800वर सरकला, अनुनाद मात्र मागेच राहिला. त्याला वर न्यायचं तर तोंड आणखी उघडायचं, स्वरयंत्र किंचित वर घ्यायचं. चढ्या तानेत कव्वाल जबडा वासतो तो आपल्याला भावनेचा भर वाटतो. भौतिकशास्त्रालाही तो तस्साच हवा असतो. (ऑपेराचा गायक उलट स्वरयंत्र खाली ठेवून 3000 हर्ट्‌झच्या आसपासचे अनुनाद एकत्र आणतो, पण ते प्रकरण वेगळं.) ‘ऊ’चा पहिला अनुनाद जेमतेम 300चा. त्यामुळे ‘अल्ला हू’ वरच्या सुरात म्हणून पाहा: ‘ला’ सणसणीत लागतो, ‘हू’ गोल आणि मऊ.

  

उरला तो आवाजातला खरखरीतपणा. गळा ताणाच्या टोकाला गेला की स्वरतंतूंची लय बिघडते, आवाज चरचरतो. माणसाच्या किंकाळीत आवाजाची तीव्रता सेकंदाला 30 ते 150 वेळा वरखाली होते आणि मेंदूतलं धोका ओळखणारं केंद्र त्याने जागं होतं, असं 2015च्या एका संशोधनात दिसलं. कव्वाल त्या किंकाळीच्या काठाला क्षणभर शिवतो आणि बरोब्बर समेवर परततो. 1985 साली इंग्लंडच्या मर्सी बेटावर, वोमॅड या जागतिक संगीताच्या महोत्सवात, नुसरतने पंजाबी न कळणाऱ्या गोऱ्या श्रोत्यांना डोलायला लावलं, ते काही शब्दांचा अर्थ समजावून नव्हे.