लोहन्यूनता : लक्षणे व ओळख

शरीरातील लोहाचा साठा घटून रक्तनिर्मितीला लोह अपुरे पडण्याची अवस्था. प्रौढ शरीरात सु. ३ ते ४ ग्रॅम लोह असते व त्यातील सुमारे दोन-तृतीयांश रक्तारुणात (हीमोग्लोबिनमध्ये) असते. आधी यकृत, प्लीहा व अस्थिमज्जेतील साठा आटतो. रक्तारुण घटते ते शेवटी. त्यामुळे थकवा, जिना चढताना लागणारी धाप, छातीतील धडधड हे सारे कामाचा शीण समजून बायका महिनोन्‌महिने अंगावर काढतात.

फिकटपणा पाहण्यासाठी दिवसाच्या उजेडात खालची पापणी हलकेच ओढतात. निरोगी डोळ्यात अस्तराची पुढची कड मागच्या भागापेक्षा ठळक लाल असते. हा फरक पुसला गेला असेल, तर रक्त कमी असल्याचा संशय बळावतो. डोळे आलेले असताना ही खूण फसवते. लहान मुलांचा तळहात पाहावा, पण बोटे मागे ताणू नयेत. ताणल्याने निरोगी तळहातही पांढुरका दिसतो. नखे आधी ठिसूळ व सपाट, मग चमच्यासारखी खोलगट होतात, इतकी की त्यांवर पाण्याचा थेंब ठरतो. जीभ गुळगुळीत होणे व ओठांचे कोपरे चिरणे ब-जीवनसत्त्वांच्या अभावीही आढळते.

माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खाण्याची ओढ हे कारण की लक्षण, हा वाद जुना आहे. चरकसंहितेत पांडुरोगाच्या (अंग फिकट पडण्याच्या रोगाच्या) पाच प्रकारांत मृद्भक्षणजन्य (माती खाल्ल्याने होणारा) पांडू वेगळा धरला आहे. सुश्रुतसंहिता चारच प्रकार मानते. काही प्रकारची माती आतड्यात लोहाला बांधून ठेवते, म्हणून चरकमत निराधार म्हणता येत नाही. मात्र बर्फाला हे लागू पडत नाही, आणि लोह सुरू केल्यावर ही ओढ अनेकदा रक्तारुण वाढण्याआधीच ओसरते. त्यामुळे ते मुख्यतः लक्षण मानणे अधिक सयुक्तिक वाटते. रुग्ण संकोचाने हे सांगत नाहीत. गरोदरपणात तर ते डोहाळ्यांत खपून जाते. म्हणून मुद्दाम विचारावे लागते.

निश्चितीसाठी रक्तातील फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन) मोजतात. निरोगी प्रौढांत ते लिटरला १५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असणे ही लोहन्यूनतेची जागतिक आरोग्य संघटनेने (२०२०) ठरवलेली मर्यादा आहे. संसर्ग वा दाह असल्यास फेरिटिन वाढते व न्यूनता झाकली जाते. थॅलसेमिया मायनरमध्येही (रक्तारुणाच्या सौम्य आनुवंशिक दोषातही) तांबड्या पेशी लहान व फिकट दिसतात, पण लोहाचा साठा सहसा पुरेसा असतो. तेथे फेरिटिन न पाहता लोहाच्या गोळ्या देत राहणे चूक. पुरुषांत व पाळी गेलेल्या स्त्रियांत लोहन्यूनता आढळल्यास जठर व आतड्यांतून रक्तस्राव होत आहे का, हे तपासावेच लागते.