‘६२५’मधले १२५

ठाणे स्थानकाबाहेरच्या औषधांच्या दुकानात थोडा वेळ उभे राहिले, तर ‘६२५ची एक स्ट्रिप द्या’ ही मागणी हमखास कानावर पडते. आकडा मोठा म्हणून औषध कडक, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्या गोळीत अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या कुळातले प्रतिजैविक ५०० मिलिग्रॅमच असते. उरलेले १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल स्वतः जिवाणूंना फारसे मारत नाही.

त्याचे काम वेगळे आहे. अमॉक्सिसिलिनच्या रेणूत चार अणूंचे ताणलेले कडे असते आणि अनेक जिवाणूंकडे ते फोडणारे बीटा-लॅक्टमेज हे विकर (एन्झाइम) असते. पेनिसिलिनचा वापर सर्रास होण्याआधीच, १९४० साली, अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांनी अशा विकराची नोंद केली होती. विकराच्या गाभ्यातील सेरीन हे अमिनो आम्ल औषधाला पकडते, कडे तोडते, पाण्याच्या रेणूच्या मदतीने तुकडा सोडून देते आणि पुढच्या रेणूकडे वळते. क्लॅव्ह्युलॅनिक आम्लातही तसेच कडे असल्याने विकर त्यालाही पकडते. मात्र ते सहजी सुटत नाही आणि विकर जायबंदी होते.

यावर जिवाणूंनी काढलेली एक वाट अगदी साधी आहे: विकरच इतके बनवायचे की आम्ल अपुरे पडावे. दुसरी वाट उत्परिवर्तनाची. टेम-१ या बीटा-लॅक्टमेजमध्ये अमिनो आम्लांच्या साखळीत १३०व्या जागी असलेले सेरीन अडकलेल्या आम्लाशी दुसरा बंध जोडून सापळा पक्का करते. तिथे ग्लायसीन हे दुसरे अमिनो आम्ल आले की तो बंधच जुळत नाही. अशा बदलांनी विकराचा मूळ वेगही बहुधा घटतो, पण जखडलेल्या चपळ विकरापेक्षा मोकळे मंद विकर जिवाणूला परवडते.

याहून विलक्षण उदाहरण केपीसी या दुसऱ्या बीटा-लॅक्टमेजचे आहे. सेफ्टाझिडिम हे प्रतिजैविक आणि विकर अडवणारे अविबॅक्टम या जोडीसमोर त्यातील १७९व्या जागचे अ‍ॅस्पार्टिक आम्ल जाऊन टायरोसीन आले, की अविबॅक्टमची पकड सैल होते. मात्र कार्बापेनेम गटातील औषधे फोडण्याची क्षमता बरीचशी नाहीशी होते. त्यामुळे निकामी ठरलेले मेरोपेनेम हे याच गटातील औषध प्रयोगशाळेच्या अहवालात पुन्हा परिणामकारक दिसू लागते. हा दिलासा मात्र बेभरवशाचा असतो, कारण मेरोपेनेम सुरू केल्यावर उलटी निवड होऊन जुने रूप परतू शकते.

एनडीएम या आणखी एका बीटा-लॅक्टमेजपुढे तर अविबॅक्टमचा उपयोगच नाही, कारण ते विकर सेरीनऐवजी जस्ताच्या आयनांच्या बळावर कडे फोडते. अ‍ॅझ्ट्रिओनाम हे जुने औषध एनडीएमला फोडता येत नाही, पण त्याच जिवाणूकडची सेरीनवाली विकरे ते फोडतात. म्हणून त्यांना अडवायला अ‍ॅझ्ट्रिओनामच्या जोडीला अविबॅक्टम दिले जाते.