पुण्यात आलेले पार्सल दारापर्यंत लवकर कसे पोहोचेल?

पुणे व पिंपरी-चिंचवड येथील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सुरतहून एका रात्रीत पुण्यात आलेले पार्सल पुण्यातल्या पुण्यात आणखी एक दिवस का घेते, हा प्रश्न आमच्या काउंटरवर सतत विचारला जातो आणि तो रास्तही आहे. रात्रीच्या मोकळ्या महामार्गावर शेकडो पार्सले एकाच गाडीतून, एकाच ठिकाणी जात असतात. पुण्यात आल्यावर मात्र त्यातील प्रत्येक पार्सलाचा रस्ता, दार आणि दार उघडणारी व्यक्ती वेगळी होते. या शेवटच्या टप्प्यात वेळ नेमका कुठे जातो, तो कमी करण्यासाठी आम्ही काय करतो आणि आपण काय करू शकता, हे सांगण्यासाठी हे पत्रक आहे.

हा वेळ गाडी चालवण्यात फारसा जात नाही, तो थांबण्यात जातो. पत्ता शोधणे, सोसायटीच्या फाटकावरील नोंद, लिफ्टची वाट, न उचललेला फोन, सुट्ट्या पैशांची शोधाशोध अशा प्रत्येक ठिकाणी एक-दोन मिनिटे खर्ची पडतात. पार्सल पोहोचवणाऱ्या एका सहकाऱ्याच्या रनशीटवर, म्हणजे त्या दिवशी द्यायच्या पार्सलांच्या यादीवर, समजा साठ पार्सले आहेत आणि प्रत्येक दारी सरासरी दोन मिनिटे जादा गेली, तर दोन तास संपतात व शेवटची पंधरा-वीस पार्सले दुसऱ्या दिवसावर जातात. त्यामुळे आमच्या मुलांनी गाडी अधिक वेगाने हाकावी, अशी अपेक्षा आम्ही ठेवत नाही आणि ग्राहकांनीही ठेवू नये. ताशी २५ किलोमीटरहून अधिक वेग नसलेल्या, नोंदणीची गरज नसलेल्या छोट्या विजेच्या स्कूटर पेठांतील कामाला पुरेशा ठरतात, कारण नारायण पेठेच्या गल्लीत त्याहून जास्त वेग कोणत्याच गाडीला मिळत नाही.

पत्ता

थांबण्याचे सर्वांत मोठे कारण अपुरा पत्ता हे आहे. ‘वडगाव, पुणे’ एवढाच पत्ता असलेले पार्सल आमच्याकडे नेहमी येते. वडगाव शेरी नगर रस्त्याच्या बाजूला आहे, वडगाव बुद्रुक सिंहगड रस्त्यावर आहे आणि वडगाव मावळ तर तळेगावच्या पुढे जुन्या मुंबई महामार्गावर आहे. पिंपळे गुरव, पिंपळे निलख व पिंपळे सौदागर यांचीही तीच गत, आणि कोंढव्याच्या पुढे बुद्रुक की खुर्द हे न लिहिणाऱ्यांची संख्याही कमी नाही. गणेशनगर व शिवाजीनगर ही नावे तर एकाहून अधिक वस्त्यांना आहेत.

हा घोळ निस्तरण्यासाठीच पिन कोड आला. एकसारखी गावांची नावे, निरनिराळ्या लिपी आणि न लागणारी अक्षरे यांतून टपालाची सुटका व्हावी म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिन कोड लागू झाला. वेलणकर हे संस्कृतचे विद्वान व कवी होते, हे जाता जाता नमूद करण्यासारखे आहे. वडगाव शेरीचा कोड ४११०१४, वडगाव बुद्रुकचा ४११०४१ आणि वडगाव मावळचा ४१२१०६ असल्यामुळे नाव अर्धवट असले तरी कोड बरोबर असेल, तर पार्सल निदान योग्य दिशेच्या बॅगेत पडते. मात्र पिन कोडवरून टपाल वाटपाचे कार्यालय कळते, गल्ली कळत नाही. शिवाय अनेक जण जुन्या घराचा कोड सवयीने लिहितात. कर्वे रस्त्यावरून कर्वेनगरला राहायला गेलेल्या ग्राहकाने ४११००४ ऐवजी ४११०५२ लिहिणे विसरले, तर त्याचे पार्सल डेक्कनच्या बॅगेत जाते आणि दुपारी परत येते.

पत्ता लिहिताना फ्लॅट क्रमांक, मजला, विंग व सोसायटीचे नाव आधी लिहावे, त्यानंतर रस्ता किंवा गल्ली आणि शेवटी भाग व पिन कोड लिहावा. खूण द्यायची असल्यास ती बदलणारी नसावी. ‘मेडिकलच्या वर’ ही खूण ते मेडिकल दुसरीकडे हलले की निरुपयोगी होते. शाळा, देऊळ, दवाखाना किंवा पेट्रोल पंप यांच्या खुणा टिकतात. धायरी किंवा आंबेगाव परिसरातील पत्त्यांत नुसता सर्व्हे नंबर लिहिण्याची पद्धत आहे, पण एकेका सर्व्हे नंबरात अनेक इमारती उभ्या राहिल्याने त्यावरून घर सापडत नाही. पेठांतील घरक्रमांकही बहुतेकदा रस्त्यालगत ओळीने लागत नाहीत, म्हणून तिथे वाड्याचे किंवा इमारतीचे नाव अवश्य लिहावे. मोठ्या वसाहतींची गोष्ट आणखी निराळी आहे. नांदेड सिटीत इमारतींच्या समूहांना असावरी, मधुवंती, ललित अशी रागांची नावे आहेत, आणि पत्त्यातून नेमका रागच गाळला गेला, तर आमचा सहकारी इमारतीचा क्रमांक हातात असूनही वसाहतभर फिरतो.

टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन ही नवी सोय खुली केली आहे. तिच्यात देशाचा नकाशा साधारण चार मीटर लांब-रुंद चौकटींमध्ये विभागलेला असून प्रत्येक चौकटीला दहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र संकेत आहे. बंगला, फार्म हाऊस, शेड किंवा नव्याने वसलेल्या भागातील घर यांच्यासाठी हा संकेत फार उपयोगी आहे आणि आपण तो पत्त्याखाली लिहिल्यास आमच्या मुलांना फाटकापर्यंत थेट येता येते. तो मजला मात्र सांगत नाही. चौदा मजली इमारतीत एकावर एक असलेल्या सगळ्या घरांचा डिजिपिन एकच येतो, म्हणून फ्लॅट क्रमांक लिहिणे त्यामुळे टळत नाही. व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवत असाल, तर ते घरी असताना पाठवावे. ऑफिसमधून पाठवलेले ‘सध्याचे ठिकाण’ आमच्या मुलाला ऑफिसातच नेते.

सकाळची छाननी

पहाटे गाडी उतरली की पार्सले आधी भागानुसार आणि मग गल्लीनुसार लावली जातात. प्रत्येक पार्सलाच्या वरच्या कोपऱ्यावर मार्करने थांब्याचा क्रमांक लिहितात आणि शेवटी द्यायचे पार्सल बॅगेत सर्वांत खाली जाते. ही मांडणी चुकली, तर प्रत्येक दाराशी बॅग उपसावी लागते आणि पावसात तर पार्सलेही भिजतात. म्हणून छाननीला अर्धा तास जास्त लागला, तरी आम्ही तो देतो.

मार्ग ठरवताना अंतरापेक्षा वळणांचा व एकेरी रस्त्यांचा विचार अधिक करावा लागतो. अमेरिकेतील यूपीएस ही कंपनी शक्य तिथे डावे वळण टाळून मार्ग आखते, कारण तिथे वाहने रस्त्याच्या उजवीकडून धावतात व डावीकडे वळताना समोरची वाहतूक ओलांडावी लागते. आपल्याकडे तोच त्रास उजव्या वळणाला होतो. मध्य पुण्यात शिवाजी रस्त्याने स्वारगेटकडे उतरायचे आणि बाजीराव रस्त्याने शनिवारवाड्याकडे परतायचे, असा फेरा ठरलेला असल्याने या दोन रस्त्यांमधल्या गल्ल्यांची पार्सले आम्ही जातानाची व येतानाची अशी वेगळी करतो. आपल्या शेजारच्या इमारतीत पार्सल अकराला पोहोचले आणि आपल्याकडे एकला आले, तर त्यामागे बहुधा हेच कारण असते. फोन करून ‘आधी माझे द्या’ असे सांगितल्यास पुढील सर्व थांबे मागे पडतात.

मुंबईचे डबेवाले वेळेवर पोहोचतात, मग तुम्हाला का जमत नाही, असेही आम्हाला ऐकवले जाते. डबेवाला रोज त्याच घरातून डबा घेतो व त्याच टेबलावर नेतो. कुरिअरवाल्याला रोज नवे दार मिळते. तरीही त्यांच्याकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे आणि ती आम्ही घेतली आहे. आमच्याकडे एका भागात होता होईल तो एकच सहकारी कायम ठेवला जातो. कोणत्या सोसायटीचे मागचे फाटक सकाळी उघडे असते, कोणत्या वाड्यात हाक मारावी लागते आणि कोणते आजोबा दुपारी एक ते चार बेल वाजवू देत नाहीत, हे त्याला ठाऊक असते. ही माहिती आजवर कोणत्याही नकाशात आलेली नाही.

फाटक आणि फोन

नव्या सोसायट्यांत पार्सल फाटकावर अडकते. सुरक्षारक्षक ॲपवरून आपली परवानगी मागतो, आपण बैठकीत असता, आणि आमचा मुलगा उन्हात उभा राहतो. पार्सल येणार असल्याचा संदेश सकाळी मिळाला की ॲपमध्ये आगाऊ परवानगी नोंदवून ठेवावी, एवढ्या एका गोष्टीने बराच वेळ वाचतो. सोसायटीच्या कार्यकारिणीस आमची विनंती आहे की, पार्सलवाल्यांच्या दुचाकीसाठी फाटकाच्या आत पाच-दहा मिनिटे थांबण्यापुरती जागा राखून ठेवावी. सम-विषम तारखांच्या पी-१ व पी-२ पार्किंगमुळे महिन्यातले निम्मे दिवस रस्त्याच्या पलीकडे गाडी लावून जड खोकी आणावी लागतात आणि गाडीवर उरलेला माल तोवर राखणीविना राहतो.

अनोळखी नंबर न उचलण्याची सवय आता सर्वत्र आहे आणि फसवणुकीचे प्रकार पाहता तिला दोष देता येत नाही. म्हणून सकाळच्या संदेशातच आपल्याकडे येणाऱ्या सहकाऱ्याचे नाव व नंबर दिलेला असतो; तो तेवढ्या दिवसापुरता ओळखीचा मानावा. आपण घरी नसल्यास त्याच संदेशाला उत्तर देऊन शेजारी, सुरक्षारक्षक किंवा आमच्याशी करार असलेले जवळचे दुकान यांपैकी कोणाकडे पार्सल ठेवायचे, ते कळवावे. दुकानात ठेवण्याचा पर्याय आम्हाला सर्वांत योग्य वाटतो, कारण एका दुकानात दहा-बारा पार्सले एकाच थांब्यात उतरतात आणि आपणही रात्री दुकान बंद होण्याआधी सवडीने ती नेऊ शकता. पहिल्या फेरीत न दिले गेलेले पार्सल परत हबला, म्हणजे आमच्या छाननीच्या केंद्रात, येते, पुन्हा छानले जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रवास करते. त्याचा खर्च दुप्पट होतो आणि त्याच्यामुळे आणखी कोणाचे तरी पार्सल खोळंबते.

रोख रकमेच्या पार्सलांसाठी सहकाऱ्याच्या मोबाइलवरील क्यूआर कोड वापरावा किंवा नेमकी रक्कम तयार ठेवावी. पोचपावतीचा ओटीपी पार्सल हातात घेतल्यावरच सांगावा, त्याआधी फोनवर सांगू नये. पत्ता अपुरा असल्याचे सांगून लिंकवर क्लिक करायला किंवा पाच रुपये भरायला लावणारा संदेश आमचा नसतो. तसेच स्टार ४०१ ने सुरू होणारा क्रमांक डायल करण्यास कोणी सांगितल्यास फोन ठेवून द्यावा, कारण त्यामुळे आपले कॉल, आणि कॉलवरून येणारे ओटीपीही, दुसऱ्याच्या नंबरवर वळवले जाऊ शकतात.

माल पाठवणाऱ्या दुकानदारांसाठी

संध्याकाळच्या ठरलेल्या वेळेआधी दिलेले पार्सल त्याच रात्रीच्या गाडीत जाते. दहा मिनिटे उशिरा दिलेले पार्सल मात्र एक दिवस मागे पडते. लेबल छापील असावे, ग्राहकाचे दोन नंबर घ्यावेत आणि बारकोडवर खाकी चिकटपट्टी लावू नये. पावसाळ्यात लेबलवर पारदर्शक पट्टी लावावी, कारण जूनमध्ये शाईने लिहिलेला पत्ता हबमध्ये येईपर्यंत फिस्कटलेला असतो. लहान वस्तू मोठ्या खोक्यात भरल्याने बॅगेत कमी पार्सले मावतात व सहकाऱ्याला हबची एक फेरी जास्त करावी लागते.

काही दिवस आधीच ठाऊक असतात. पालख्या पुण्यात मुक्कामी असताना नाना पेठ व भवानी पेठेत, आणि अनंत चतुर्दशीला लक्ष्मी, टिळक, केळकर व कुमठेकर रस्त्यांच्या परिसरात आम्ही बुकिंग घेतो, पण त्याच दिवशी पोहोचवण्याची हमी देत नाही. राखीच्या आठवड्यात हलकी पाकिटे व पुष्कळ दारे असतात, तर दिवाळीत दारे तेवढीच राहून खोक्यांचे वजन वाढते. राखी निदान चार दिवस आणि फराळ निदान आठवडाभर आधी द्यावा. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असलेल्या भागात लिफ्ट चालत नाही, म्हणून जड पार्सले त्या दिवशी सायंकाळच्या फेरीत ठेवली जातात.

आपण घरी असतानाही पार्सलावर ‘दार बंद’ असा शेरा आला, तर तो तसाच सोडून देऊ नये. शेरा नोंदवताना सहकाऱ्याच्या मोबाइलचे ठिकाण व वेळ आपोआप साठवली जाते. आपण त्याच दिवशी रात्री आठपर्यंत कळवल्यास आम्ही ती नोंद तपासतो आणि शेरा चुकीचा आढळल्यास ते पार्सल दुसऱ्या दिवशीच्या रनशीटवर पहिल्या क्रमांकावर लावतो.